मोसम सरल्यावरची हाक

७ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. एका डोंगीत आम्ही दोघं, माझा हातमाग, नोदियाचा मृदंग, तांदळाचं पोतं आणि टोपलीत तीन कोंबड्या. अर्ध्या वाटेत एक कोंबडी सुटली आणि थेट डोंगीच्या टोकावर जाऊन ऐटीत उभी राहिली. नोकरीचा हुकूम तिच्याच नावावर निघालाय असं वाटावं.

हुकूम माझ्या नावावर आहे. तळ्यातल्या संगाई हरणांवर लक्ष ठेवायचं, महिनाअखेर मोजणी करायची, कोण कुठे दिसलं, अंगाशिंगात काय फरक पडला ते नोंदवहीत उतरवायचं. या कामावर बाई म्हणून मी पहिलीच. थौबालहून निघताना शेजारणींनी नोदियाला सोडलं नाही. नवरी सासरी जाते हे पाहिलंय, म्हणे, नवरा बायकोमागून कोंबड्या घेऊन निघालेला पहिल्यांदाच बघतोय. नोदिया शांतपणे म्हणाला, कोंबड्या मला आंदणात मिळाल्यात. भातगिरणीतलं काम त्यानं माझ्यासाठी सोडलं, पण एकदाही तोंडावर आणलं नाही.

घर पाण्यातल्या टेकडीवर आहे. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण. टेकडीच्या पायथ्याशी तोमचौ खुरांची झोपडी. ते इथले जुने राखणदार, सव्वीस वर्षं झाली. एकटेच असतात. वयानं माझ्या वडलांहून मोठे, म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना खुरा म्हटलं आणि काका झाल्याचा त्यांना आनंद झाला असावा, कारण संध्याकाळी दाराशी कमळाच्या देठांची जुडी ठेवून गेले.

नोंदवही सरकारची. ही रोजनिशी माझी.

१० फेब्रुवारी

आज फुमवर पहिल्यांदा चालले. लव्हाळं, बोरू, गवत यांची मुळं वर्षानुवर्षं एकमेकांत गुंतून कुजत जातात आणि त्याची हातभर जाड गादी होते, तिला फुम म्हणतात. पावसाळ्यात ती पाण्यावर तरंगते, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाला टेकते. पाय टाकला की चार हातांवरचं गवत हलतं. मी दोनदा गुडघ्यापर्यंत गेले. खुरा म्हणाले, मालकिणीसारखी चालू नकोस, चोरासारखी चाल.

आणि पहाटे पहिलं हरीण दिसलं. मोठा नर. थंडीतला रंग, जवळजवळ काळा तपकिरी, मानेवर राठ आयाळ. शिंगं मी चित्रात पाहिली होती, पण चित्रात कळत नाही. भुवईवरून पुढे झेपावणारं टोक आणि मागे जाणारी मुख्य दांडी, दोन्ही मिळून एकच अखंड कमान. धनुष्य कपाळावर ठेवल्यासारखं. खुर नुसते टेकवत नाही, पायाचा मागचा भागही जमिनीला लावत चालतो, म्हणून फुमवर बुडत नाही आणि लांबून नाचल्यासारखा दिसतो. आम्हाला पाहून पळाला. थोड्या अंतरावर थांबला, मान वळवून बघत उभा राहिला. त्याच्या नावाचा अर्थच तो, वाट बघणारं जनावर.

४ मार्च

पाणी उतरलं, फुम टेकली. तळ्याकाठचे लोक सुकलेलं बोरू जाळतात. आठवड्यात त्या काळ्या राखेतून कोवळे हिरवे कोंब वर येतात आणि ते खायला हरणं उघड्यावर येतात. मोजायला याहून सोपा काळ नाही.

हा माजाचाही काळ. नर रात्रंदिवस एकमेकांना आव्हानं देतात. हाक विचित्र असते. खोल, घसा खरवडून निघाल्यासारखी, आणि शेवटी अचानक तुटते. खुरा ती हाक काढतात, म्हणजे आडोशाचे नर बाहेर येतात आणि मोजता येतात. नोदियानं त्यांच्याकडून शिकायचं ठरवलं. पहिले दोन दिवस त्याचा आवाज सर्दी झालेल्या म्हशीसारखा येत होता आणि मी हसून हसून वही भिजवली. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानं हाक दिली तेव्हा मी चहाचं भांडं खाली ठेवलं. लांबून दोन नरांनी उत्तर दिलं. मृदंग वाजवणाऱ्याचा कान आहे, खुरा म्हणाले. सव्वीस वर्षांत मला असं जमलं नाही.

२९ मार्च

मोजणी झाली. एकूण सतरा. पाच नर, नऊ माद्या, तीन पाडसं. माद्या बुटक्या, फिकट, बिनशिंगाच्या. पाडसांच्या अंगावरचे ठिपके विरत चाललेत. काल दोन नरांची झुंज पाहिली. शिंगात शिंग अडकवून अर्धा तास रेटारेट, मग तरुण होता तो निघून गेला, इतक्या सभ्यपणे की नोदिया म्हणाला, हा आमच्या गिरणीतला असता तर मालक झाला असता.

मी पाचही नर शिंगांवरून ओळखते आता.

१४ एप्रिल

नवं वर्ष. रीतीप्रमाणे जेवून टेकडी चढायची, तर आम्ही राहतोच टेकडीवर. म्हणून खाली उतरलो, खुरांच्या झोपडीला प्रदक्षिणा घातली आणि परत चढलो. त्यांना वाफवलेल्या भाज्यांत मासळी घोटलेला इरोंबा दिला. पहिला घास घेऊन ते म्हणाले, या घरात बाईच्या हातचं जेवण पूर्वी कधी शिजलं नव्हतं.

वर्ष असंच जावो.

२१ मे

हरणांचा रंग उतरू लागला. काळपट राठ केस गळून उन्हाळी लालसर, तुकतुकीत अंग येतंय. नर माद्यांपासून वेगळे राहू लागले. हाका बंद.

आज नोदिया अंगणात सहज हाक काढत होता. खुरा धापा टाकत टेकडी चढून आले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नोदियाच्या तोंडावर हात ठेवला.

"आता बस. आजपर्यंत ती हाक होती. आता मोसम संपला, यापुढे ते आवतण होईल."

कोणाला, असं नोदियानं हसत विचारलं. ते हसले नाहीत. माजात हाक दिली की नर येतो, म्हणाले. माज सरल्यावर नरांना ऐकायचंच नसतं. तरीही कोणी आलं, तर ते काय असेल याचा विचार कर.

नोदियानं शब्द दिला.

११ जून

पाऊस लागला. फुम सुटली, रात्रीतून उचलली गेली. नरांची शिंगं गळाली. एक फुमवर पडलेलं मिळालं, नोंदवहीत लिहून फळीवर ठेवलं. शिंगं गेलेले नर लाजल्यासारखे दाट बोरूत दडून बसतात. त्यांच्या कपाळावर नवे कोंब येतात, मखमली कातडीत गुंडाळलेले, हात लागला तरी दुखणारे. पूर्ण शिंगं पुन्हा थंडीत.

बोरू दोन पुरुष वर गेलंय. काहीच दिसत नाही.

२५ जून

मी चूक केली असेल का? लिहून ठेवते.

महिनाअखेरची मोजणी. चार दिवस पहाटे आणि संध्याकाळी फिरले. माद्या सात दिसल्या, नर एकच. पहिलीच बाई राखणदार, आणि पावसाळ्याच्या पहिल्याच मोजणीत चार नर गायब, असा कागद मी कसा पाठवू? लोक हसतील, की हिला घरी बसवा. खुरा पुतणीच्या लग्नाला काठावरच्या गावी गेलेले. मी नोदियाला म्हटलं, एकदाच हाक दे.

तो नको म्हणाला. शब्द दिलाय म्हणाला. मी चिडले. म्हाताऱ्याच्या गोष्टींसाठी माझी नोकरी घालवतोस, असं बोलले. मग त्यानं दिली.

बराच वेळ काही नाही. पाऊसही थांबलेला. मग पश्चिमेकडून उत्तर आलं. बोरू दुभागलं आणि एक नर बाहेर आला.

शिंगं पूर्ण वाढलेली. अंग काळं, मानेवर आयाळ. थंडीतला नर, आषाढात.

आम्ही दोघं आनंदून गेलो. दुसऱ्या तळ्याकडून आला असेल, म्हणाले मी. वहीत लिहिलं: सहावा नर, नवीन.

२६ जून

सहावा तिथेच उभा आहे. चरत नाही. रवंथ करत नाही. कान हलत नाहीत, माशा बसत नाहीत. घराकडे बघतो.

२८ जून

खुरा परतले. मीच सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, पण ते जमिनीवर बसले. एवढंच विचारलं, "हाक एकदाच दिली ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, कुठे उभा राहतो ते दाखव.

डोंगीतून तिघं गेलो. मी जागा अचूक दाखवली, टेकडीवरून रोज तीच दिसते. तिथे फुम नव्हती. उघडं पाणी. खुरांनी पंधरा हातांचा बांबू उभा सोडला. तळ लागला नाही. उन्हाळ्यात याच तळ्यात आम्ही चालत होतो.

परतताना खुरांनी सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ असाच गेला, हाकेमागून. त्यांनी स्वतः पाहिलं, तेव्हा ते विशीत होते. उपाय एकच. तो आता बोलावत राहील. उत्तर द्यायचं नाही. नरांना नवी शिंगं फुटून घट्ट होईपर्यंत, म्हणजे थंडीपर्यंत, एकदाही नाही. मग तो कंटाळून जातो.

पाच महिने, नोदिया म्हणाला. गिरणीत मी दोन वर्षं तोंड मिटून काढली.

मला त्याच्याकडे बघवेना. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

३० जून

तो बोलावतो. पहाटे आणि सूर्य मावळताना. थेट नोदियासारखी हाक. नोदियाची आहे की त्याची, डोळे मिटले तर मला सांगता येणार नाही.

आज सकाळी नोदिया लाकडं फोडत होता. हाक आली आणि त्यानं उत्तर दिलं. कुऱ्हाड चालूच होती. मी किंचाळले तेव्हा तो दचकला, काय झालं म्हणाला. त्याला कळलंच नव्हतं. घसा आपोआप बोलला होता.

आता पहाटे आणि संध्याकाळी तो तोंडात फडकं कोंबून, वर पंचा बांधून बसतो. नाकानं श्वास घेतो. मी त्याचे हात धरून बसते. त्याच्या गळ्याची हाडं हलताना दिसतात.

जनावर जवळ आलंय.

२ जुलै

थौबालला परत जायचं ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात. दुपारी निघालो, खुरा डोंगी वल्हवत होते. पाण्याची वाट बंद. वाऱ्यानं फुमचे तुकडे सरकून एकमेकांना चिकटले, होतं असं पावसात. खुरा कोयता घेऊन कापू लागले. एका ठिकाणी अरुंद फट होती, डोंगी जाईल एवढी. त्या फटीत तो उभा होता. पाण्यावर.

नोदिया डोंगीत उठून उभा राहिला. तोंडाचं फडकं त्यानं काढून हातात घेतलं होतं. मी त्याच्या कमरेला मिठी मारून खाली ओढलं, डोंगी कलली, पाणी आत आलं. परत फिरलो.

खुरा म्हणाले, वाट कापायला दोन दिवस लागतील. तेवढं सांभाळ.

४ जुलै

त्याला थंडी वाजतेय. ताप नाही, अंग उलट गार आहे. बाहेर इतकं उकडतंय की कोंबड्या चोची उघडून बसल्यात आणि हा गोधडी मागतो. हिवाळ्यातली करडी शाल काढून दिली. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघते. आषाढात.

"तुला थंडी वाजत नाही?" असं मला विचारत होता, काळजीनं. मी खोटं बोलले. म्हटलं, वाजतेय. त्याला बरं वाटलं.

त्याच्या मानेवर मागे केस वाढलेत. मी वस्तरा घेतला. राठ आहेत, निघत नाहीत.

वाट निम्मी झाली असं खुरा सांगून गेले.

६ जुलै

नोदिया गेला.

पहाटे माझा डोळा लागला. किती वेळ? चहाचं पाणी उकळायला लागतो तेवढा. जाग आली तेव्हा फडकं उशीवर होतं, नीट घडी केलेलं.

बाहेर धावले. तो टेकडीखाली, पाण्यावर. पुढे जनावर. ते चालायचं, थांबायचं, मान वळवून त्याची वाट बघायचं. तो शाल लपेटून मागून. पाय बुडत नव्हते. मी त्याचं नाव घेत घोट्यापर्यंत पाण्यात गेले. तो थांबला. माझ्याकडे वळून उभा राहिला. माझी वाट बघितली त्यानं.

मी गेले नाही. पुढे पाणी खोल होतं आणि मला पोहता येत नाही, आणि मी गेले नाही.

मग तो बोरूत शिरला.

७ जुलै

खुरा आणि काठावरचे नऊ कोळी. जाळी, गळ, बांबू. काही नाही.

८ जुलै

काही नाही. फुमखाली गेलेलं माणूस फुम उचलल्याशिवाय सापडत नाही, असं एकजण माझ्यासमोरच बोलला. खुरांनी त्याला गप्प केलं.

१० जुलै

तो आहे. मी पाहिला.

पहाटे, पश्चिमेला, त्या उघड्या पाण्यावर. करडी शाल. जनावर बाजूला. दोघंही घराकडे तोंड करून.

खुरांना हाताला धरून आणलं. त्यांनीही पाहिला. खोटं सांगत नाही मी.

१३ जुलै

नोदियाचा थोरला भाऊ बिरामंगोल आला, आम्ही त्याला तामो, म्हणजे दादा, म्हणतो. सात दिवस झाले, देह नाही, तर पळसाच्या लाकडाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा म्हणतो. पुढचे विधी अडलेत, आईनं अन्न सोडलंय. पळसाचा ओंडका डोंगीत घालूनच आणला होता.

मी त्याला अंगणात घेऊन गेले, पश्चिमेकडे बोट दाखवलं. दुपार होती. पाणी रिकामं. मी नोंदवही आणून वाचून दाखवली, दहा, अकरा, बारा, पहाटे अमुक वाजता दिसला, संध्याकाळी अमुक वाजता.

त्यानं वही मिटली. "तुझ्या वहीत तो जिवंत असेल, मेमतोन. तळ्यात नाही."

मी ओंडका उचलून पाण्यात फेकला. अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तो रडत होता, मग शिव्या देऊ लागला, मग परत रडला. काठावरच्या गावात मेव्हण्याकडे थांबलाय. तू शुद्धीवर येईपर्यंत थांबीन म्हणाला.

मी शुद्धीवर आहे. ज्याला हाक देऊन नेता येतं त्याला हाक देऊन आणताही येईल. मला ती हाक येते. मार्चपासून ऐकत आले आहे.

१४ जुलै

खुरांच्या पाया पडले. ते नाही म्हणाले. तू ज्याला हाक मारशील तोच येईल कशावरून, म्हणाले. मी विचारलं, तुमच्या भावाला तुम्ही हाक मारली होती का? ते जायला उठले. मी म्हटलं, मारली असती तर?

संध्याकाळी स्वतःहून आले. खांद्यावर दोर होता, मोठ्या होडीचा, जाड. म्हणाले, तेव्हा माझ्याजवळ दोर नव्हता.

१५ जुलै

आणला त्याला.

भर दुपारी. पहिली हाक फुटली नाही. दुसरी फुटली. तिसरीला तो एकटाच बोरूतून बाहेर आला. जनावर सोबत नव्हतं. फुमच्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

दोर माझ्या कमरेला, दुसरं टोक खुरांच्या हातात, झाडाला वेढा देऊन. मी पालथी पडून फुमवरून सरकत गेले. कडेला पोचले तेव्हा गवत खाली दबत होतं, हनुवटीपर्यंत पाणी. त्याचा हात धरला. इतका गार की धरवेना. सोडला नाही. खुरांनी ओढलं. तो माझ्यामागून चालत आला. आलाच. घरात आला.

शाल कोरडी.

बोलत नाही. चुलीशी बसलाय. भात पुढे ठेवला, बघत राहिला. गळ्यातली तुळशीची माळ नाही. पाण्यात सुटली असेल. दोरा जुनाच होता, मीच लाल दोऱ्यानं गाठ मारून दिली होती.

१६ जुलै

बोलला नाही. जेवला नाही. झोपत नाही, उभ्यानंच डोळे मिटतो. कोंबड्या घरात येत नाहीत.

पण तो आहे. मी त्याचे केस विंचरले. मृदंग त्याच्यासमोर ठेवला. बोट लावलं नाही.

हळूहळू येईल भानावर.

पश्चिमेला कोणी उभं नसतं आता. हाक येत नाही.

१७ जुलै

आज खुरा अंगणात आले, आत नाही. मला खुणेनं बोलावलं.

काठावर, कोळ्यांच्या जाळ्यात—

माळ आहे गळ्यात. लाल दोरा. तामोनं ओळखलं. खुरांनीही ओळखलं. अकरा दिवस पाण्यात. शाल गुंडाळलेली, करडी.

मग आत कोण—

खुरा म्हणाले, मी तुला दोर द्यायला नको होता. दोनदा म्हणाले.

१७ जुलै, दुपार

तामो थांबायला तयार नाही. देह ठेवण्यासारखा राहिलेला नाही. दिवस मावळायच्या आत अग्नी देणार.

खुरा सांगतात, चिता पेटण्याआधी निघ. तो देह आहे तोवर याला परत जायला जागा आहे. देह गेला की हा इथलाच. मग तो जाणार नाही आणि जो जवळ असेल त्यालाही जाऊ देणार नाही. डोंगी खाली बांधून बसलेत. वाट मोकळी आहे. धूर दिसेपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही. काही घेऊ नकोस, म्हणाले, काही बोलू नकोस, उठ आणि ये.

मी वही घ्यायला म्हणून आत आले.

आणि बसले.

तो चुलीपाशी. मी लिहिते तोवर बघत राहतो. पेन थांबलं की मान हलते. म्हणून लिहिते आहे.

त्याची नखं बघते. त्याचीच. भातगिरणीत चेपलेलं अंगठ्याचं नखसुद्धा. कानामागचा तीळ. कोणी इतकं हुबेहूब—

खुरा खालून हाक मारताहेत. माझं नाव. पहिल्यांदाच नावानं.

उठायचं. दार चार पावलांवर. चार पावलं आणि उतार.

मी त्याला हाक द्यायला लावली. तो नको म्हणत होता. तो थांबला होता माझ्यासाठी, मी घोट्यापर्यंतच गेले. आता परत चार पावलं टाकून—

खुरा परत ओरडले. आवाज फाटला.

धूर. खिडकीतून दिसतो. काठावर, झाडांच्या वर. आधी पांढरा, आता काळा.

वल्ह्याचा आवाज. गेले. थांबले होते बिचारे, खूप थांबले.

तो हलला. हात शालीकडे नेतोय. काढली. शाल काढली त्यानं. कपाळावर घाम आहे. घाम. तोंडातून वाफ येत नाही.

मेमतोन, म्हणाला. नोदियाचा आवाज. तोच, तोच आवाज आहे.

"किती उकडतंय."

हो रे, उकडतंय. थांब, पंखा आणते, उठते हं मी, पेन ठेव—